तिने बॅटरी धरली होती

मटार सोलले. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. जानेवारीतलं ऊन, गच्चीवर जुनी चादर, चादरीवर पाच किलो मटार. आमच्या भोपाळात थंडीत घरोघर हेच चालतं, सोलून सोलून फ्रीजर भरायचा. शालिनी सोलत होती, मी सोलत होतो. शालिनी म्हणजे माझी बायको. मी दाणे तोंडात टाकतो म्हणून तिने हातावर चापट मारली. "अहो, डब्यात टाका. पोटात नंतर." मग थोड्या वेळाने तिने मला कंप्युटरबद्दल एक विचारलं. मी उत्तर दिलं. उत्तर खोटं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही.

हे मी कोणाला बोललेलो नाही. मुलाला नाही, सुनेला नाही, तिच्या भावाला नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझे कोणी लागत नाही म्हणून. तुम्ही तेराव्याला जेवायला आला नव्हता, माझ्या पाठीवरून हात फिरवला नव्हता. तुमच्याशी बोलणं सोपं आहे.

मी सातवी पास आहे. लिहायची सवय नाही. शुद्धलेखन छापणाऱ्याने बघून घ्यावं, ते माझं काम नाही. माझं काम लोखंडाचं. छत्तीस वर्षं इथल्या मोठ्या कारखान्यात फिटर होतो, आणि रिटायर झाल्यावर इंद्रपुरीत हे घर बांधलं. हाताला काम कळायचं. कागद कळायचा नाही. शालिनी उज्जैनची, बी.ए. झालेली, वीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली. तिच्या वडिलांनी पक्की नोकरी बघून मुलगी दिली, शिक्षण बघितलं नाही. तिने ते कधी तोंडावर काढलं नाही. चाळीस वर्षांत एकदाही नाही. पण न काढलेली गोष्ट घरात नसते असं थोडंच आहे? ती असतेच. बसलेली असते.

आता लोक म्हणतात, काय सांभाळलं हो तिला. अरेरा कॉलनीतल्या तिच्या चुलत बहिणीने तेराव्याला सगळ्यांसमोर म्हटलं — भावोजींसारखा नवरा मिळायला पुण्य लागतं. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, दुःख. दुःख होतंच — पण मान त्यासाठी खाली गेली नव्हती. डोंबलाचं पुण्य.

कंप्युटर नितीनचा. नितीन म्हणजे आमचा मुलगा, पुण्याला असतो. नवा घेतला तेव्हा जुना आम्हाला आणून बसवून गेला. मोठा पडदा, खाली लोखंडी डबा, वर कॅमेरा. मला वाटलं धूळ खाईल. पण शालिनीच्या भाचीची पोर हैद्राबादला, तिला मराठी वाचता येत नव्हतं. भाची म्हणाली, मावशी, शिकव ना. एकीची दोन झाली, दोनाची अकरा. रायपूरची, इंदूरची, हैद्राबादची, एक तर कुठली बंगालमधली. रोज दुपारी चार वाजता शालिनी कॅमेऱ्यासमोर बसायची. साडी बदलून बसायची. केस विंचरून बसायची. अकरा पोरं एकदम ओरडायची — शालूआजी!

चार वाजता आमचा चहा असायचा. चाळीस वर्षं. आता चहा पावणेचारला थर्मासमध्ये भरून ठेवलेला असायचा, माझा मी ओतून घ्यायचा. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा चहासाठी? नाही. चहाचं नव्हतं ते. चहाचं असतं तर सांगायला लाजलो नसतो.

झालं असं. बाजारात मी जायचो, आणि विसरू नये म्हणून स्वतः चिठ्ठी लिहायचो. घरी आल्यावर चिठ्ठी मी ओट्यावर ठेवायचो, शालिनी तिच्यावरून सामान ताडून बघायची. दसऱ्याला चार दिवस होते. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो होतो, बाहेरच्या खोलीत तिचा वर्ग चालू. ती म्हणत होती, "हा कागद एका मोठ्या माणसाने लिहिलाय. शोधा बरं चुका." मी डोकावलो. तिने कॅमेऱ्यासमोर माझी चिठ्ठी धरली होती. कोथींबिर. हिरवी मीरची. दूधि. पोरं एकेक चूक ओरडून सांगत होती, जशी काही कैऱ्या पाडत होती. मग एक पोरगा म्हणाला, "आजी, हा माणूस नापास झाला असेल!" आणि सगळी हसली.

तीही हसली.

त्यानंतर ती काय म्हणाली ते मला माहीत नाही. काही म्हणाली असेल. मी मागच्या दाराने बाहेर गेलो आणि फाटकापाशी उभा राहिलो. पासष्ट वर्षं ओलांडलेला माणूस — अकरा पोरांनी मला नापास केलं. रात्री जेवताना मी काही बोललो नाही. तिने विचारलं, भाजी तिखट झाली का? मी म्हटलं, नाही. बोलून टाकलं असतं तर? भांडलो असतो, ती रडली असती, माफी मागितली असती. मला ते नको होतं. माफी मिळाली की माणसाच्या हातात काय उरतं?

आता तुम्हाला एक समजावून सांगावं लागेल. त्याच वर्षी उन्हाळ्यात हा कंप्युटर एकदा बंद पडला होता. बटण दाबलं की आतला पंखा फिरायचा, दिवा लागायचा, पण पडदा काळा. दोन गल्ल्या सोडून अनीस म्हणून एक कंप्युटरवाला आहे, दाढी पांढरी झालेला, त्याला बोलावलं. त्याने डब्याचं झाकण काढलं, आतली एक बोटभर लांब पट्टी उपटली, खोडरबरने तिचे पिवळे दात घासले आणि परत खाचेत दाबली. टक्. पडदा लागला. "कुछ नहीं चाचा, रॅम ढीली थी," म्हणाला. शालिनीने हे वहीत लिहून ठेवलं. मी लिहिलं नाही. मी बघितलं. फिटरला एकदा बघितलेलं पुरतं.

दसऱ्याला ती दरवर्षी माझ्या पान्यांच्या पेटीची पूजा करायची. हत्यारांची पूजा, आपल्यात करतातच. त्या वर्षी पेटीशेजारी कंप्युटरलाही झेंडूची माळ घातली. हळदकुंकू पाण्यात कालवून आधी माझ्या पेटीला बोटं लावली, मग त्याच वाटीतून त्या डब्याला. दोन्ही एका ओळीत ठेवून मला म्हणाली, "हे तुमचं हत्यार, हे माझं." चांगलं म्हणाली होती. मला ते टोचलं. माझं हत्यार गंज खात पडलंय आणि तुझं रोज चार वाजता चालतं — असं ऐकू आलं मला. ती तसं म्हणाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळीला गेली. मी डब्याचे दोन स्क्रू काढले. पट्टी पूर्ण उपटली नाही. खाचेत तिला धरून ठेवणारी एका बाजूची चिमटी उघडली आणि ते टोक तांदळाच्या दाण्याएवढं उचललं. एवढंच. उपटली असती तर कोणालाही कळलं असतं की काढली. ढिली पट्टी आपोआपही ढिली होते. बघा, किती विचार करून केलं. रागाच्या भरात झालं असं म्हणायलाही मी जागा ठेवली नाही. झाकण लावलं, स्क्रू आवळले. ती न्हाणीघरातून बाहेर आली तेव्हा मी पेपर वाचत होतो.

चार वाजता तिने बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा. तिने पडद्याची वायर काढून लावली. भिंतीतलं बटण बंद करून चालू केलं. वही काढली, वाचली, परत वायर काढली.

"अहो, हे लागतच नाहीये."

"घासायपुसायची, पाणी लावायची हौस ना तुला," मी खाटेवरून म्हटलं.

तिने मोबाईलवर पोरांना घेतलं. तिच्या डोळ्यात मोतीबिंदू. अकरा तोंडं त्यात मुगाएवढी दिसायची, आणि पाटीवरचं अक्षर तर दिसायचंच नाही. दहा मिनिटांत तिने वर्ग सोडला.

संध्याकाळी नितीनला फोन लावला, मोठ्या आवाजावर ठेवून. तो तिकडून एकेक सांगत होता, ती इथे करत होती. वायर काढ, थांब, लाव. बटण दहा सेकंद दाबून धर. काही नाही. मग तो म्हणाला, "आई, पंखा फिरतोय म्हणजे करंट आहे. मागच्यासारखी रॅम हलली असेल. बाबांना सांग झाकण उघडायला. अगं घरात फिटर आहे, दोन मिनिटांचं काम."

मी उठलो. ती आतून बॅटरी घेऊन आली, बोटभर लांब, शेंगदाण्याच्या डब्यामागे ठेवलेली असायची ती. मी झाकण उघडलं आणि ती माझ्या खांद्यावरून वाकून उजेड दाखवायला लागली. तिचा हात थरथरायचा, तसा उजेड थरथरत होता. "नीट धर," मी खेकसलो. तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं.

मी अंगठा पट्टीवर ठेवला. उचललेलं टोक अंगठ्याला लागत होतं. नुसता भार द्यायचा होता. टक् झालं असतं, पडदा लागला असता, ती हरखली असती, पोराने तिकडून म्हटलं असतं, मानलं बाबा तुम्हाला! चोरी पचली असती आणि वर शाबासकी मिळाली असती. हे सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं, विसरलो असं नाही. पण मला शाबासकी नको होती. तिचं तोंड उतरलेलं मला बघायचं होतं. आणखी थोडा वेळ.

मी अंगठा तसाच ठेवला आणि फोनला ऐकू जाईल असं म्हटलं, "घट्ट बसलीये. ही नाही."

"नक्की ना, बाबा?"

"मी आंधळा आहे का?"

ती माझ्या कानाशी उभी होती. तिचा श्वास मला लागत होता. उजेड नेमका त्या पट्टीवर होता — उचललेलं टोक तिलाही दिसलं असतं, काय बघायचं ते माहीत असतं तर. तिने पट्टीकडे बघितलं नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं. फिटर काय म्हणतो ते.

मग मी डब्याच्या पुढच्या जाळीवरून बोट फिरवलं. आदल्या दिवशीचं कुंकू तिथे ओघळून वाळलं होतं. बोट लाल झालं. ते मी बॅटरीच्या उजेडात धरलं. "हे बघ. ओलं कुंकू आत उतरलंय. लोखंडी पेटीला चालतं ते ह्याला चालत नाही. जाळलंस तू."

नितीन म्हणाला, "बाबा, कुंकवाने असं सहसा होत नाही..."

"तू पुण्यात बसून बघतोयस का मी इथे बघतोय?"

तो गप्प झाला. इंजिनियर पोरगा, सातवी पास बापापुढे गप्प झाला. मान ठेवला त्याने माझा.

शालिनीने बॅटरी बंद केली. "म्हणजे माझ्याच हाताने गेलं," म्हणाली.

मी नाही म्हटलं नाही.

एकदा बोललेलं खोटं पोसावं लागतं, कुत्रं पोसतात तसं. दोन दिवसांनी ती म्हणाली, अनीसभाईंना बोलवा तरी. मी म्हटलं, विचारलं मी, तो दुकान मोडून मंडीदीपला कारखान्यात लागला. तिचे गुडघे गेलेले, दोन गल्ल्या चालून बघायला ती जाणार नव्हती, हे मला ठाऊक होतं. अनीस त्याच्या दुकानात बसलेला होता. मीच त्या गल्लीने जायचं सोडलं. नितीन म्हणाला, दुसरा कंप्युटर पाठवतो. ती नको म्हणाली. "तोही मी घालवीन." दिवाळीच्या पाडव्याला पोरं आपापल्या आईबापांसमोर स्वतः लिहिलेली पत्रं वाचून दाखवणार होती, तिने महिनाभर बसवलं होतं ते. ते झालं नाही. आयांचे फोन आले. ती सगळ्यांना सांगायची, माझ्याकडून बिघडलं हो. थोड्या दिवसांनी पोरांना दुसरी कोणी बाई मिळाली.

त्या दिवसापासून देवघरातही तिने ओलं कुंकू लावलं नाही. कोरडी चिमूट दुरून सोडायची देवांवर. हात आखडून. मी रोज बघत होतो.

आणि चहा? चहा चार वाजता परत आला. कपबशीत, तिच्या हातचा, समोर बसून. मला हवं होतं ते मिळालं. पहिले काही दिवस मला बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. मग ती समोर बसली की मला बोलायला सुचेना. तीही बोलेना. दोघं चहा संपेपर्यंत कपात बघायचो. तीन महिने मी रोज म्हणायचो, उद्या ती आंघोळीला गेली की दाबून टाकू. तीन महिन्यांत ती रोज आंघोळीला गेली.

नितीन तिच्या दिवसांना आला होता. कामासाठी त्याने सहज बटण दाबलं आणि कंप्युटर लागला. तो आत येऊन मला म्हणाला, "बाबा, चालू होतोय की. आईला शेवटी विसरायला व्हायला लागलं होतं का? बटण कुठलं, वायर कुठली..." मी म्हटलं, "असेल. थोडं व्हायचं." त्याने बायकोला सांगितलं, बायकोने आणखी कोणाला. आता तिच्या माहेरी सगळ्यांना माहीत आहे की शालूताईला शेवटी भ्रम व्हायला लागला होता. शाळेत शिकवलेली बाई. साडेतीनशे पोरांची नावं पाठ असलेली. ती बावचळली होती असं आता म्हणतात, आणि ते माझ्या तोंडून निघालेलं आहे. आधी तिच्या हाताला दोष लावला, मग डोक्याला.

कंप्युटर लागला कसा, ते राहिलं.

गच्चीवर मटार सोलताना तिने विचारलं होतं, "अहो, मी हळदकुंकू कालवताना पाणी कमी घातलं असतं, तर वाचला असता का हो तो?" तीन महिन्यांनीसुद्धा ती तेच घोकत होती. हातात शेंग होती, ती सोलायची थांबली होती. गच्चीवर आम्ही दोघंच. पट्टी खालच्या खोलीत, जिना उतरून दाबता आली असती. मी म्हटलं, "तेव्हाच विचार करायचा होतास." ती बरं म्हणाली. शेंग सोलली.

सकाळी सहा वाजता मी तिला हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. मग हात लावला. आई-वडील दोघंही माझ्या हातातच गेलेत, हाताला ते कळतं. रात्रीतच कधीतरी गेली होती.

मी काय केलं? मी तिच्याशेजारी बसलो नाही. शेजाऱ्याला उठवलं नाही. डॉक्टरला बोलावलं नाही. माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? नितीन येईल. झाकण उघडेल. त्याला दिसेल.

मी पेटीतून स्क्रूड्रायव्हर काढला. मधलं दार उघडंच होतं, खाटेवरचे तिचे पाय मला दिसत होते. दोन स्क्रू काढले, झाकण उतरवलं, अंगठ्याने ते टोक दाबलं. टक्. चिमटी आपोआप मिटली. बटण दाबलं आणि खात्री करायला उभा राहिलो. पंखा फिरला, पडदा लागला. मी तो नीट बंद केला, झाकण बसवलं, स्क्रू आवळले. डोळे कोरडे होते. हात अजिबात थरथरत नव्हता. साबण लावून हात धुतले. मग पुण्याला फोन लावला, आणि त्याने उचलल्यावर रडायला लागलो.